बाटल्या दोन, जखमा तीन

डोळे मिटायची गरज नाही. उघड्या डोळ्यांनीच माझ्याबरोबर जरा कल्पना करा.

तुमचं वय अकरा वर्षं आहे. त्यातली नऊ वर्षं तुम्ही जपानमधल्या नागोया नावाच्या शहरात काढली आहेत. तिथे रस्त्यावर कुत्रा दिसलाच, तर त्याच्या गळ्यात पट्टा असतो, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो आणि त्या माणसाच्या हातात कुत्र्याची घाण उचलायची पिशवी असते. मोकळं फिरणारं कुत्रं तुम्ही फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेलं आहे. आणि मग एक दिवस तुम्ही बंगळूरात राहायला येता. तुमच्या इमारतीशेजारी एक रिकामा प्लॉट आहे. तिथे सिमेंटच्या पाइपांचा ढीग आहे आणि त्या पाइपांमध्ये पाच पिल्लं आहेत. एकाचे कान काळे, एकाचं शेपूट अर्धं पांढरं, आणि पाचही एकमेकांच्या अंगावरून कोलांट्या खात आहेत.

काय कराल? बिस्किट न्याल ना?

केतकीनेही नेलं. शनिवारची संध्याकाळ होती. मारतहळ्ळीतल्या त्या भाड्याच्या घरात येऊन तिला जेमतेम सात आठवडे झाले होते. काळ्या कानाच्या पिल्लाने बिस्किट घेतलं आणि बिस्किटाबरोबर तिच्या अंगठ्याखालचा मऊ भागही दातांत धरला. केतकी किंचाळली. ते ऐकून पिल्लांची आई पाइपांमागून धावत आली आणि पळणाऱ्या केतकीच्या टाचेच्या जरा वर एक निसटता चावा घेऊन माघारी गेली. सगळं मिळून दहा सेकंदही लागले नसतील. हाताला एक जखम, पायाला एक. दोन्हीकडे थोडं थोडं रक्त आलं आणि थांबलं.

घरी येऊन तिने हातावर पाणी घातलं, पट्टी चिकटवली आणि पायात लांब मोजा चढवला. कुणाला काही सांगितलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, भित्री होती की काय? मुळीच नाही. नागोयात ती एक गोष्ट पक्की शिकली होती: आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास होऊ द्यायचा नाही. तिथल्या शाळेत दुपारचं जेवण मुलंच वाढत. सगळ्यांच्या ताटात पडल्याशिवाय कुणी पहिला घास घेत नसे, आणि दुसऱ्यांदा मागण्याआधी पातेल्यात किती उरलंय ते बघायची सगळ्यांना सवय होती. घरात तर सध्या बाबांचं पातेलं अगदीच रिकामं होतं. आई, म्हणजे विद्या, तिथली नोकरी संपवून महिनाअखेरीला येणार होती. तोवर गॅसचं कनेक्शन, बँक, शाळेचा प्रवेश, सगळं एकटे बाबा करत होते. मुकुल त्यांचं नाव. शनिवारी ते तिसऱ्यांदा बँकेत जाऊन तिसऱ्यांदा तोच फॉर्म भरून आले होते. त्यांना आणखी एक काम कशाला द्यायचं, असा केतकीचा हिशोब.

रविवारी सकाळी उमाकांत आजोबा आले. ते राहतात मल्लेश्वरमला. सांगलीहून इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आले, त्याला बेचाळीस वर्षं झाली. कानडी इतकं सराईत बोलतात की भाजीवाला त्यांच्याशी भांडतानाही त्यांना गाववालाच समजतो. दर रविवारी पहिल्या बसने ते इडली-वड्याचं पुडकं घेऊन येत. त्या दिवशी केतकी डाव्या हाताने वडा चटणीत बुडवू लागली आणि आजोबांची नजर उजव्या हातावर गेली.

“हे काय गं?”

“काही नाही. पिल्लू खेळत होतं.”

“खेळत होतं म्हणजे? चाटलं की चावलं?”

केतकीला खोटं बोलायची सवय नव्हती. “स्वल्प चावलं,” ती म्हणाली. ‘थोडं’साठीचा हा कानडी शब्द ती नुकताच शिकली होती आणि मिळेल तिथे वापरत होती.

एरवी आजोबा हसले असते. आज त्यांनी हातातली इडली खाली ठेवली. “रक्त आलं?”

“थोडं.”

“कधी?”

“काल संध्याकाळी.”

“अण्णा, पिल्लूच आहे हो,” मुकुल म्हणाला. आपल्या वडिलांना तो लहानपणापासून अण्णाच म्हणायचा. “आणि नागोयात तर आम्ही...”

“तुमच्या नागोयात हा पिसाळण्याचा रोगच नाही, म्हणून तुम्हाला त्याची भीती नाही. इथे आहे. पिल्लालाही होतो. पिल्लाला आई असते, आईला गल्लीतली सगळी कुत्री ओळखीची असतात.”

मुकुलने ताबडतोब फोन काढला. नागोयात असताना काहीही झालं की तो हेच करायचा: फोनवर दवाखाना शोधायचा, वेळ घ्यायची, वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचायचं. दोन मिनिटांत त्याचा चेहरा खुलला. “मिळाली अपॉइंटमेंट! सोमवारी साडेअकरा. डॉक्टर चांगले आहेत, लोकांनी साडेचार तारे दिलेत.”

“आणि तोवर कुत्र्याच्या लाळेला काय सांगणार आहेस? सोमवारपर्यंत थांब म्हणून?”

“मग आत्ता रविवारी कुठे जायचं?”

“सरकारी दवाखान्यात. कुत्रं चावलेल्यांची खोली तिथे रविवारीही उघडी असते. कुत्री सुट्टी घेत नाहीत.”

मुकुलने फोन खिशात टाकला. मग हळूच म्हणाला, “अण्णा, आपलं नाव तिथे नोंदलेलं नाही. नऊ वर्षं आम्ही या देशात नव्हतो. केतकीचं आधार कार्डसुद्धा अजून आलेलं नाही. आम्हाला कसे घेतील ते?”

“चल तर खरं,” आजोबा म्हणाले. “पण आधी नळ.”

त्यांनी केतकीची पट्टी काढली, हात नळाखाली धरला आणि साबण दिला. “पंधरा मिनिटं. घड्याळ लावून. नुसतं पाणी नाही, साबणाचा फेस आणि वाहतं पाणी. निम्मं औषध हेच आहे.”

पंधरा मिनिटं म्हणजे बराच वेळ झाला. तेवढ्यात केतकीला दहा वेळा वाटलं, पायाचंही सांगून टाकावं. पण दाराशी उभ्या असलेल्या बाबांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. एका चाव्याला हे असं, तर दोन म्हटल्यावर काय होईल? तिने ठरवलं, डॉक्टरांनाच सांगायचं. तिथे गेल्यावर डॉक्टर विचारतीलच.

हा बेत काही वाईट नव्हता. तो कसा फसला ते आता ऐका.

रिक्षात बसल्या बसल्या आजोबा चालकाला म्हणाले, “अण्णा, स्वल्प बेग होगी,” म्हणजे ‘दादा, जरा लवकर चला’, आणि रिक्षा अशी सुटली की तिघांची डोकी एकदमच मागे आपटली. रविवारचा रस्ता मोकळा होता. आजोबांनी केतकीला सगळं नीट सांगितलं. मुलांपासून काही लपवायचं नाही, हा त्यांचा नेम. ते म्हणाले, “हा रोग एकदा सुरू झाला की त्यावर औषध नाही. पण सुरू होण्याआधी लस घेतली, सगळे डोस पुरे केले, तर तो तुला हात लावू शकत नाही. आपण वेळेवर निघालोय. म्हणून मी घाई करतोय, घाबरलेलो नाही. फरक कळला?”

“कळला,” केतकी म्हणाली. आणि खरंच तिला बरं वाटलं.

दवाखाना मोठा होता, जुना होता आणि माणसांनी भरलेला होता. कुत्रं चावलेल्यांची खोली तळमजल्यावर, एका लांब व्हरांड्याच्या टोकाला होती. बाहेर दोन बाकं, बाकांवर सात-आठ माणसं. आत एक टेबल, टेबलामागे फ्रिज, आणि पडद्यापलीकडे डॉक्टर.

मुकुल इकडेतिकडे बघू लागला. “टोकनचं मशीन कुठाय? नंबर कुठल्या स्क्रीनवर दिसतो?”

“स्क्रीन इथे बसलाय,” आजोबांनी बाकांकडे बोट दाखवलं. “केतकी, इथे आलं की विचारायचं, ‘लास्ट यारु?’ म्हणजे शेवटी कोण आलंय. जो हात वर करेल तो लक्षात ठेवायचा. त्याच्यानंतर आपण. आपल्यानंतर कुणी आलं की आपण हात वर करायचा. झालं. विचार.”

केतकीने विचारलं. पण तिचा आवाज नागोयाचा होता. तिथे लिफ्टमध्ये, बसमध्ये, दवाखान्यात, सगळीकडे शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही असं बोलतात. बाकावरचं कुणी हललं नाही.

“अजून जरा.”

“लास्ट यारु?”

“तुला उत्तर हवंय की नकोय?” आजोबांनी विचारलं.

“लास्ट यारु!” केतकी ओरडली, आणि व्हरांडाभर माना वळल्या. हाताला फडकं गुंडाळलेल्या एका किडकिडीत, दाढीवाल्या काकांनी हसून बोट वर केलं. झालं, केतकीचा नंबर लागला.

पाच मिनिटांनी एक म्हातारी लंगडत आली. हिरवं लुगडं, अंगाने काडी, डोळे मात्र चुणचुणीत. तिने कुणाकडे न बघता खणखणीत आवाजात तोच प्रश्न विचारला. केतकीने हात वर केला.

“तू व्हय?” केतकीला आजोबांशी मराठीत बोलताना ऐकून म्हातारी एकदम मराठीवर आली. “बरं झालं, आपल्या बोलीची हाय. माझं नाव चंद्राबाई. अथणीची मी. इथं पोरींच्या पीजीत सैपाक करते. सकाळी दूध आणायला गेले, तर ह्या पोटरीला धरलं मेल्यानं. दूध सांडलं ते सांडलंच. आता बावीस पोरी बिनचहाच्या बसल्यात माझ्या नावानं ओरडत.”

“दुखतंय का, आजी?” केतकीने विचारलं.

“दुखायला फुरसत कुठाय? दुपारी भात लावायचाय.”

ओळ सरकत होती. आता केतकी दाराजवळच्या टोकाला आली होती आणि आतलं सगळं दिसत होतं. टेबलामागच्या सिस्टरचं नाव शिवलीला. ती निपाणीची. कानडीत लिहीत होती, हिंदीत ओरडत होती आणि मध्येच मराठीत पुटपुटत होती. दाढीवाल्या काकांच्या हाताला एक जखम होती. सिस्टरने फ्रिजमधून एक छोटी बाटली काढली, अर्धवट सरकलेल्या पडद्याआड डॉक्टरांनी ती सगळी काकांच्या जखमेत टोचली आणि रिकामी बाटली डब्यात टाकली. एक जखम, एक बाटली. केतकीने मनात नोंद केली.

तेवढ्यात सिस्टरचा फोन वाजला. ती फ्रिज उघडून बघत बोलू लागली. “लस भरपूर आहे. जखमेत भरायचं सीरम संपत आलंय. हो, दोनच बाटल्या. एक वाजता गाडी येणार ना? सरी, सरी. तोवर दोनात भागवते.”

फोन ठेवून तिने दाराकडे बघून बोट हलवलं. “बा पुट्टी. ये बाळ.”

केतकी आत गेली. मागोमाग आजोबा आणि मुकुल. मुकुलने घसा साफ केला आणि वाटेत मनात जुळवलेलं सगळं एका दमात सांगायला सुरुवात केली. “सिस्टर, आम्ही नुकतेच जपानहून परत आलोय. नऊ वर्षं तिकडे होतो. त्यामुळे इथे आमची नोंद नाही. हिचं आधारही अजून आलेलं नाही. पासपोर्ट आणलाय. तिकडच्या लसींचं पुस्तक आणलंय, पण ते जपानीत आहे. तर आम्हाला...”

सिस्टरने मान वर केली. “कुत्रं इथलंच होतं ना?”

“हो.”

“मग झालं की. नाव, वय आणि मोबाइल नंबर सांगा.”

मुकुलने सांगितलं. तिने रजिस्टरमध्ये लिहिलं आणि एक पिवळं कार्ड केतकीच्या नावाने भरलं. मुकुल ते कार्ड उलटसुलट करून बघत राहिला. नऊ वर्षांनी परत आल्यावर या शहरात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना दुसरा कागद न मागता एक कागद दिला होता.

“वजन,” सिस्टर म्हणाली. केतकी काट्यावर उभी राहिली. चौतीस किलो. तेही कार्डावर लिहिलं गेलं. मग सिस्टरने तिचा हात उजेडात धरून बघितला. “छान धुतलंय. कुणी धुतलं?”

“आजोबांनी धुवायला लावलं.”

“शहाणे आहेत आजोबा. अजून कुठे चावलंय? अंगावर कुठेही, ओरखडासुद्धा?”

हाच तो प्रश्न. याचीच केतकी सकाळपासून वाट बघत होती. तिने तोंड उघडलं आणि तिची नजर फ्रिजवर गेली. मग दाराकडे गेली. दाराशी चंद्राबाई लुगड्याचा काठ पोटरीवर दाबून उभ्या होत्या, काठ लाल झाला होता.

केतकीचं गणित चांगलं होतं. बाटल्या दोन. माझा हात एक, माझा पाय दोन. मग आजींना काय? दंडात लस मिळतेच आहे, ती सगळ्या अंगात फिरेल, पायापर्यंतही जाईल. पातेल्यात दोनच पळ्या उरल्यात आणि मागे अजून एक ताट आहे.

“नाही,” ती म्हणाली. “एवढंच.”

सिस्टरने दोन्ही दंडांत लस टोचली. मुंगी चावावी तेवढंच दुखलं. “आता इथे स्टुलावर बस. डॉक्टर मोकळे झाले की हाताच्या जखमेत सीरम. ते दुखेल, आधीच सांगते. चंद्राबाई, तुम्ही या.”

केतकी बसली. मोज्याच्या आत टाचेवर जरा ठणकत होतं. आजोबा कार्डावरच्या पुढच्या तारखा मुकुलला समजावत होते: आजचा डोस, मग तिसरा दिवस, सातवा दिवस, अठ्ठाविसावा. पुढचे डोस घराजवळच्या आरोग्य केंद्रातही मिळतील, असं सिस्टरने सांगितलं होतं. मुकुल त्या तारखा फोनमध्ये घालत होता. दोघेही खुशीत होते. सगळं किती सोपं झालं!

चंद्राबाई मात्र सोपं होऊ देणाऱ्यांतल्या नव्हत्या. काट्यावर त्या सदतीस किलो भरल्या, त्यावर त्यांनी काट्यालाच नावं ठेवली. दोन्ही दंडांत टोचून झाल्यावर त्या उठल्याच. “चला, झालं. बावीस पोरी हाईत माझ्या.”

“बसा, अज्जी. पोटरीत अजून द्यायचंय.”

“दोन दोन टोचलंस की! अजून कशाला?”

शिवलीला सिस्टर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. हे तिने दिवसात पन्नास वेळा सांगितलं असेल, पण एक्कावन्नाव्या वेळीही ती कंटाळली नव्हती. “हे बघा अज्जी, दंडात दिलं ते पोलीसभरतीचं बोलावणं. तुमच्या अंगातले पोलीस ते वाचणार, शिकणार, तयार होणार. त्याला आठवडा-दहा दिवस जातात. तोवर दारात कोण उभं राहणार? म्हणून या बाटलीतले तयार पोलीस आणून जखमेतच उभे करायचे. जिथून दात आत शिरला, त्याच दारात.”

“आमच्या शेजारणीला तीन जागी चावलं हुतं,” चंद्राबाई हार मानायला तयार नव्हत्या. “तिला काय तीन बाटल्या घातल्या तुम्ही?”

“बाटल्या जखमा मोजून देत नाहीत, अज्जी. वजन बघून देतात. म्हणून तर काट्यावर चढवलं तुम्हाला. जेवढं वजन, तेवढं औषध. तुम्हाला एक पुरते, या पुट्टीलाही एक. मग चावा एक असो की चार, तेच औषध सगळ्या जखमांत वाटून घालायचं. कमी पडलं तर सलाइन मिसळून वाढवायचं. पण एकही दार उघडं ठेवायचं नाही. एक राहिलं तर बाकीची बंद करून काय फायदा?”

स्टुलावर बसलेली केतकी हे ऐकत होती. तिने मनातलं गणित पुन्हा मांडलं आणि ते सगळं चुकलेलं निघालं. तिच्या वजनाची बाटली तिचीच होती. पाय दाखवला असता तरी चंद्राबाईंचा एक थेंबही कमी झाला नसता. आणि पाय दाखवला नाही म्हणून एक दार उघडं राहिलं होतं.

“पुट्टी, चल,” पडद्याआडून डॉक्टरांनी हाक मारली. “हात.”

सिस्टरने फ्रिज उघडून बाटली काढली.

आता तिच्या जागी तुम्ही आहात असं समजा. थोड्या वेळापूर्वी सगळ्यांसमोर ‘नाही’ म्हणून सांगितलंय. बाबा हसतायत, त्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा माणसासारखा झालाय. खोली भरलेली आहे. सिस्टरच्या हातात दहा कामं आहेत. सांगितलं तर खोटारडी ठरणार, वर सगळ्यांचा वेळ जाणार. आणि नाही सांगितलं, तर ते कुणालाच कळणार नाही. आज तरी.

“सिस्टर,” केतकी म्हणाली. नागोयाचा आवाज. कुणाला ऐकू गेलं नाही.

ती उठली. टेबलाच्या अलीकडे एक दोरी बांधलेली होती, बोलावल्याशिवाय तिच्या पलीकडे जायचं नसतं हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं. ती दोरीखालून वाकून गेली, सिस्टरच्या आणि डॉक्टरांच्या मध्ये उभी राहिली आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, “मी मघाशी खोटं बोलले. माझ्या पायालापण चावलंय.”

व्हरांड्यातल्या माना पुन्हा वळल्या.

“केतकी!” मुकुलच्या हातून फोन पडता पडता राहिला.

सिस्टरने बाटली ट्रेमध्ये ठेवली. “मी विचारलं होतं ना? का नाही सांगितलंस?”

“बाटल्या दोन होत्या,” केतकी म्हणाली. ती बोटांवर मोजू लागली. “माझ्या जखमा दोन आणि आजींची एक. म्हणजे तीन. मला वाटलं, एका जखमेला एक बाटली लागते.”

सिस्टर काही बोलायच्या आत चंद्राबाईंनीच टेबलावर थाप मारली. “माझ्यासाठी ठिवलीस व्हय गं? चौतीस किलोची पोर, आणि मला वाचवायला निघाली!” त्यांनी केतकीचा गाल जोरात ओढला. “ताटातलं दे खुशाल कुणाला. औषध नाही द्यायचं. ऐकलंस?”

“ऐकलं.”

मुकुल तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. “मला तरी सांगायचं, सोन्या. काल रात्रीच.”

“तुम्ही दमला होतात. तिसऱ्यांदा फॉर्म भरला होतात.”

 मुकुल तिच्या बुटाची नाडी सोडायला लागला. आजोबा शेजारी उभे होते. ते रागावलेही नाहीत आणि त्यांनी शाबासकीही दिली नाही. फक्त म्हणाले, “मुकुल, तिला काढू दे. तिचा पाय आहे.”

केतकीने बूट काढला. मोजा जखमेला चिकटला होता, तो तिने पाण्याचे शिंतोडे मारून हळूहळू सोडवला. सिस्टरने वाकून बघितलं. टाचेच्या वर एक लांबट खोक होती, कडेने लाल झालेली.

“हे धुतलेलं नाही,” सिस्टर म्हणाली.

“नाही.”

“आजोबांनी हाताला जे केलं तेच इथे. बाहेर व्हरांड्यात नळ आहे, खाली साबण आहे. पंधरा मिनिटं, एकही कमी नाही. मी सांगायला येणार नाही, डोक्यावर घड्याळ आहे ते बघ. मग दोन्ही जखमांत मिळून तुझी बाटली. अज्जी, तोवर तुम्ही पडद्यामागे चला.”

“म्हंजे पुढचा नंबर माझाच की!” चंद्राबाई म्हणाल्या आणि लंगडत पडद्यामागे गेल्या.

केतकी एका पायावर उड्या मारत नळाशी गेली. मुकुल मागे यायला निघाला, तर तिने हातानेच ‘नको’ म्हटलं. कट्ट्यावर बसून तिने टाच नळाखाली धरली. पाणी जखमेला झोंबलं. साबण लावल्यावर जास्तच झोंबलं. आतून चंद्राबाईंचं “आई आई आई” ऐकू आलं आणि पाठोपाठ डॉक्टरांना घातलेली एक लांबलचक कानडी शिवी, त्यावर डॉक्टरांचं हसणं. बाकावरची माणसं बदलली. नवी आली. घड्याळाचा काटा पाच मिनिटं पुढे गेला, मग दहा. केतकीने फेस धुतला, पुन्हा लावला.

पंधरावं मिनिट झालं. आत सिस्टर तिघांशी एकदम बोलत होती आणि दाराकडे तिची पाठ होती. केतकीला कुणीच हाक मारली नाही.

तिने नळ बंद केला. ओल्या पायाचे ठसे उमटवत ती गर्दीतून वाट काढत थेट टेबलापर्यंत गेली, आजोबांच्या हातातलं आपलं पिवळं कार्ड घेऊन सिस्टरच्या समोर ठेवलं, स्टूल स्वतःच ओढून घेतलं आणि टाच त्यावर ठेवली.

“पंधरा मिनिटं झाली, अक्का,” ती मोठ्याने म्हणाली. “आधी पायात टोचा.” आणि पाय हलू नये म्हणून तिने घोटा स्वतःच्या हाताने घट्ट धरला.